पायरेट्सचे सर्वकालीन दहा कसे निवडायचे

पिट्सबर्गला नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्याच उन्हाळ्यात पीएनसी पार्कवर बेसबॉलचा सामना पाहून येतो. कधी ऑफिसचे लोक नेतात, कधी विद्यापीठातले मित्र. अ‍ॅलेगेनी नदीच्या काठावरचं मैदान, पलीकडे जाणारे पिवळे पूल, त्यामागे शहराच्या इमारती. खेळ फारसा कळला नाही तरी संध्याकाळ छान जाते. मग शेजारच्या खुर्चीवरचे एखादे आजोबा गप्पांच्या ओघात विचारतात, ‘‘आमच्या संघातला आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण, सांग बघू!’’ तिथे आपण अडतो. एखाददुसरं नाव ऐकलेलं असतं, तेही बाहेरच्या पुतळ्याखाली वाचलेलं.

मीही असाच अडलो होतो. तेव्हापासून बरीच वर्षं मी ही यादी करतो आहे, खोडतो आहे, पुन्हा करतो आहे. मुंबईच्या सर्वकालीन रणजी संघात मर्चंट आणि गावसकर सलामीला, मग तिसरा कोण, यावर ज्याने तासन्‌तास वाद घातलेत त्याला हा छंद नवा नाही. फक्त मापं नवी आहेत. ती कशी वापरायची ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरणं सगळी पिट्सबर्ग पायरेट्स या इथल्या बेसबॉल संघाची आहेत, कारण हाच संघ मी जवळून पाहिला. रीत मात्र कुठल्याही जुन्या संघाला चालेल.

आधी संघाची गोष्ट

नावं गोळा करण्याआधी एक दुपार संघाच्या इतिहासाला द्या. संघ सुरू झाला १८८२ साली, आज मेजर लीग म्हणतात त्या सर्वोच्च स्तरावरच्या दोन लीगांपैकी नॅशनल लीगमध्ये आला १८८७ साली. पुढे तीन-चार वर्षांनी दुसऱ्या संघाचा खेळाडू पळवल्याचा आरोप त्याच्यावर झाला, ‘हे तर चाचे’ असं लोक म्हणू लागले आणि तेच नाव कायमचं चिकटलं. १९०३ च्या पहिल्यावहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, पायरेट्स खेळले आणि हरले. जिंकले १९०९, १९२५, १९६०, १९७१ आणि १९७९ साली. त्यानंतर एकदाही नाही. १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षं तर प्रत्येक हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त.

मैदानं तीन लक्षात ठेवा: फोर्ब्स फील्ड (१९०९ ते १९७०), थ्री रिव्हर्स स्टेडियम (१९७० ते २०००) आणि २००१ पासूनचं पीएनसी पार्क. पुढे ही मैदानं कामाला येणार आहेत.

आपल्याकडच्या काहींना हा संघ वेगळ्याच कारणाने ठाऊक असतो. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन तरुण भालाफेकपटू २००८ साली वेगवान चेंडू फेकण्याच्या एका स्पर्धेतून पुढे आले, अमेरिकेत शिकले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्यांना करारबद्ध केलं ते पायरेट्सनी. मुख्य संघापर्यंत ते पोहोचले नाहीत, म्हणून यादीत त्यांचा प्रश्न येत नाही. पण ज्या खेळाचा चेंडू आधी हातात धरला नव्हता त्यात व्यावसायिक करार मिळवणं ही साधी गोष्ट नव्हती.

पहिली पायरी: प्रश्न कागदावर लिहा

बहुतेक भांडणं इथेच होतात, कारण दोघं जण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. ‘सर्वांत थोर’ या शब्दात निदान तीन प्रश्न दडलेले आहेत. या संघाचा शर्ट घातलेला सर्वांत गुणवान खेळाडू कोण? या संघाला सर्वांत जास्त कुणी दिलं? आणि या शहराने जिवापाड प्रेम कुणावर केलं?

बॅरी बॉन्ड्स घ्या. १९८६ ते १९९२ अशी सात वर्षं तो पायरेट्सकडे होता. १९९० आणि १९९२ साली तो लीगचा एमव्हीपी, म्हणजे त्या हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू, ठरला. मग तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि त्याचे होमरनचे, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर मारण्याचे, सगळे मोठे विक्रम तिकडे झाले. पहिल्या प्रश्नाला त्याचं नाव अगदी वर येतं. दुसऱ्याला मधे कुठेतरी. तिसऱ्याला येतच नाही. त्याच्या नावाभोवतीचा उत्तेजकांचा वादही सॅन फ्रान्सिस्कोच्या काळातला आहे, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवायला हवं.

मी दुसरा प्रश्न धरतो: या शर्टात काय केलं? दुसऱ्या संघाकडची कमाई इथे जमा धरत नाही. आणि निदान पाच पूर्ण हंगाम हवेत. ही अट घातली नाही तर हँक ग्रीनबर्गसारखं नाव आत शिरतं. तो डेट्रॉइटचा महान फलंदाज, हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या मानाच्या दालनातला. पायरेट्सकडे मात्र तो १९४७ चा एकच हंगाम खेळला आणि निवृत्त झाला. तो थोर होता, पण पायरेट्सचा थोर नव्हे.

तुम्ही वेगळा नियम करू शकता. फक्त तो नावं लिहिण्याआधी करा. आवडत्या खेळाडूला बसवण्यासाठी नंतर बेतलेला नियम पहिल्या वादातच उघडा पडतो.

दुसरी पायरी: चार आकडे शिका

बेसबॉलमध्ये आकड्यांचा महापूर आहे. नवख्याने चारच धरावेत.

बॅटिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे दर हजार संधींत किती वेळा फटका मारून बेस, म्हणजे धावून गाठायच्या चार टप्प्यांपैकी एक, गाठला. ०.३०० म्हणजे हजारात तीनशे, आणि तेवढं जमलं की फलंदाज चांगला. क्रिकेटमधून आलेल्याला हे फार कमी वाटतं, पण दहातल्या सात वेळा बाद होणारा इथे वरच्या रांगेत बसतो. दुसरा, ऑन-बेस. त्यात वॉक, म्हणजे वाईट चेंडू सोडून फुकट मिळवलेला बेस, हेही धरतात. तिसरा, स्लगिंग. त्यात एका फटक्यावर एक बेस मिळाला की चार, याचा हिशेब होतो. आपल्याकडे सरासरीच्या जोडीला स्ट्राइक रेट पाहतात, तसं.

चौथा आकडा वॉर. एखाद्या जागी संघाला सहज मिळाला असता असा जेमतेम खेळाडू आणि हा खेळाडू, यांच्यात संघाच्या किती विजयांचा फरक पडला, याचा तो अंदाज. फलंदाजी, धावणं, क्षेत्ररक्षण, खेळण्याची जागा, काळ, मैदान, सगळं त्यात घालतात. पायरेट्सच्या शर्टात होनस वॅग्नरचा वॉर सुमारे १२०, रॉबर्टो क्लेमेंटेचा ९५ च्या आसपास, बॉन्ड्सचा सातच वर्षांत सुमारे ५०. शंभर वर्षांचं अंतर असलेले दोघे एका कागदावर आणायला हा आकडा फार उपयोगी. पण तो अंदाज आहे हे विसरू नका. जुन्या काळातल्या क्षेत्ररक्षणाच्या नोंदी तोकड्या आहेत, आणि दोन खेळाडूंत तीन-चारचा फरक असेल तर मी त्याला बरोबरीच समजतो.

तिसरी पायरी: आकडा त्याच्या काळात नेऊन वाचा

सगळ्या पायऱ्यांमध्ये ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाय ट्रेनर हा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू. १९३० साली त्याचा अ‍ॅव्हरेज होता ०.३६६. होनस वॅग्नरचा १९०८ सालचा ०.३५४. नुसते आकडे पाहिले तर ट्रेनरचा हंगाम सरस.

आता त्या वर्षी बाकीचे काय करत होते ते पाहा. १९३० साली सगळ्या नॅशनल लीगचा मिळून अ‍ॅव्हरेज ०.३०३ होता. चेंडू उडत होते, पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारे, मार खात होते, सामान्य फलंदाजही तीनशेच्या वर होता. १९०८ साली तोच आकडा होता ०.२३९. त्या काळात एकच चेंडू मळून काळा आणि मऊ होईपर्यंत वापरत, पिचरला त्याला थुंकी लावायची मुभा होती, होमरन क्वचित दिसे. वॅग्नर लीगच्या ११५ अंकांनी वर होता, ट्रेनर ६३ अंकांनी. वॅग्नरचा तो हंगाम माझ्या मते बेसबॉलच्या इतिहासातल्या थोर हंगामांपैकी आहे. पायरेट्सची तर बातच सोडा.

हा हिशेब तयार मिळतो. ओपीएस प्लस नावाचा आकडा शोधा: १०० म्हणजे त्या वर्षीचा सर्वसाधारण फलंदाज, १५० म्हणजे त्याच्या दीडपट भारी. १९०८ च्या वॅग्नरचा तो २०० च्या वर आहे.

हाच चष्मा लावला की काही नावं खाली सरकतात, काही वर येतात. १९४८ साली हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्या ट्रेनरला जुने जाणकार सर्वकालीन सर्वोत्तम तिसरा बेसमन म्हणत. आज तसं म्हणणारे फार थोडे. उलट आर्की वॉन. शॉर्टस्टॉपसारख्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या, अवघड जागी खेळून १९३५ साली त्याने ०.३८५ चा अ‍ॅव्हरेज काढला. विसाव्या शतकापासून आजवर पायरेट्सच्या कुणालाही तो गाठता आलेला नाही. शिवाय भरपूर वॉक. अबोल माणूस, मोठ्या शहरांच्या वर्तमानपत्रांपासून दूर. १९५२ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी कॅलिफोर्नियात तळ्यात बुडून तो गेला आणि हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं ते १९८५ साली. नवख्या माणसाच्या यादीत हे नाव हमखास सुटतं. तुमच्या यादीतून सुटू देऊ नका.

मैदान केवढं होतं?

क्रिकेटमध्ये सीमारेषा थोडीफार आतबाहेर होते. बेसबॉलच्या जुन्या मैदानांत हा फरक प्रचंड असे. फोर्ब्स फील्डची डावीकडची भिंत ३६५ फुटांवर होती आणि डाव्या-मध्य कोपऱ्यात तर ४५७ फुटांवर. तिथे होमरन मारणं कठीण, पण दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून गेलेला चेंडू खूप लांब पळायचा, त्यामुळे ट्रिपल, म्हणजे तीन बेसचे फटके, भरमसाट. १९१२ साली पायरेट्सच्या ओवेन विल्सनने एका हंगामात ३६ ट्रिपल मारले. तो विक्रम आजही उभा आहे. एवढ्यावरून विल्सनला दहात घ्यायचं का? नाही. तो एका वर्षाचा आणि त्या मैदानाचा चमत्कार होता.

राल्फ काइनरचं उलटं आहे. १९४७ साली ग्रीनबर्ग आला तेव्हा त्याच्यासाठी डावीकडे आतल्या बाजूला कुंपण घालून ती सीमा ३६५ वरून ३३५ फुटांवर आणली. ग्रीनबर्ग वर्षभरात निवृत्त झाला, पण कुंपण राहिलं आणि त्याचा फायदा काइनरला झाला. म्हणून त्याची किंमत कमी करायची? थोडी, फार नाही. १९४६ ते १९५२ अशी पहिली सातही वर्षं त्याने लीगमध्ये सर्वाधिक होमरन मारले, कधी एकट्याने, कधी बरोबरीत. आणि त्यातलं पहिलं वर्ष कुंपणाच्या आधीचं आहे. १९४९ चे ५४ होमरन हा अजूनही संघाचा विक्रम. संघ तळाला, आजूबाजूला दुसरा मोठा फलंदाज नाही, आणि तरी लोक याची शेवटची पाळी होईपर्यंत जागचे हलत नसत.

विली स्टार्जेलला मात्र फोर्ब्स फील्डने दिलं कमी आणि घेतलं जास्त. तो तिथे असेपर्यंतचा त्याचा सर्वोत्तम हंगाम ३३ होमरनचा. थ्री रिव्हर्समधल्या पहिल्या पूर्ण हंगामात, १९७१ साली, त्याने ४८ मारले. सगळं श्रेय मैदानाला देणार नाही, तो तेव्हा ऐन भरात होता. पण एकूण ४७५ होमरन वाचताना पहिली आठेक वर्षं त्या अवाढव्य मैदानात गेली, हे मनात ठेवून वाचा.

हातमोज्याचा हिशेब

फलंदाजी मोजायला सोपी म्हणून यादी फलंदाजांनी भरते. बिल मॅझरॉस्कीचं नाव आलं की ही सवय उघडी पडते. कारकिर्दीचा अ‍ॅव्हरेज ०.२६०, होमरन १३८. एवढ्यावर त्याला कुणी यादीत उभं करणार नाही. पण तो दुसऱ्या बेसवर खेळायचा, आणि त्या जागेवर १,७०६ डबल प्ले, म्हणजे एका चेंडूवर दोघांना बाद करणं, हा विक्रम त्याचा आहे. चेंडू हातमोज्यात आला कधी आणि सुटला कधी हे दिसायचंच नाही, म्हणून सोबती त्याला ‘नो हँड्स’ म्हणत. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचं गोल्ड ग्लव्ह त्याला आठदा मिळालं.

आणि मग १३ ऑक्टोबर १९६०. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, फोर्ब्स फील्ड, न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध ९-९ अशी बरोबरी, नववी इनिंग. मॅझरॉस्कीने डावीकडच्या भिंतीवरून चेंडू बाहेर टाकला आणि १०-९ ने मालिका संपली. त्या सात सामन्यांत यांकीजनी ५५ धावा काढल्या होत्या आणि पायरेट्सनी २७. तरी जिंकले पायरेट्स.

असा एक क्षण किती मोजायचा? माझा नियम असा: क्षण हा यादीच्या दारात उभ्या असलेल्या खेळाडूला आत घेऊ शकतो, मैलभर दूर असलेल्याला नाही. मॅझरॉस्की सतरा वर्षांच्या क्षेत्ररक्षणाने दारापर्यंत आला होता. त्या होमरनने तो आत आला.

ज्यांना दार उघडलंच नाही

इथे थोडं थांबावं लागतं. १९३० आणि १९४० च्या दशकांत पिट्सबर्गमधला सर्वोत्तम खेळाडू पायरेट्सकडे नव्हताच. त्याचं नाव जॉश गिब्सन. तो कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, होता, याच शहरात वाढला, आणि काळा होता म्हणून मेजर लीगमध्ये त्याला जागा नव्हती. तो खेळला पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज या निग्रो लीगच्या, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगच्या, संघांकडून. ग्रेजचे कितीतरी सामने फोर्ब्स फील्डवरच होत. मैदान तेच, प्रेक्षकांची खुर्ची तीच, पायरेट्स गावाबाहेर असले की ग्रेज. तिथल्या हिरवळीवर खेळायला तो चालत होता. घरच्या संघाचा शर्ट मात्र त्याला मिळाला नाही. जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी तो गेला. जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू ती बंदी मोडून मेजर लीगमध्ये उतरला त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये.

२०२४ साली मेजर लीगने निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले. कारकिर्दीच्या अ‍ॅव्हरेजमध्ये सर्वांत वर गेलं ते गिब्सनचं नाव, ०.३७२.

मग त्याला पायरेट्सच्या यादीत घालायचं? मी पुष्कळ विचार केला. घातलं तर मनाला बरं वाटतं, पण त्यातून असं भासतं की संघाने त्याला घेतलं होतं. घेतलं नव्हतं. तो अन्याय यादीत नाव घालून पुसला जाऊ नये. म्हणून मी दोन कागद करतो. एक पायरेट्सचा, दुसरा पिट्सबर्ग शहराचा. शहराच्या कागदावर पहिलं नाव लिहितो ते गिब्सनचं, आणि त्याच्यासोबत ऑस्कर चार्ल्स्टन, बक लेनर्ड, सॅचेल पेज. पायरेट्सनी २०२२ मध्ये स्वतःचा हॉल ऑफ फेम सुरू केला तेव्हा पहिल्याच तुकडीत गिब्सनला मान दिला. ते योग्यच झालं. जुन्या अमेरिकी संघाची यादी करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न टाळता येणार नाही, म्हणून तुमच्या शहरात निग्रो लीगचा संघ होता का, ते जरूर शोधा.

याच संघाने १ सप्टेंबर १९७१ रोजी मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच नऊच्या नऊ काळे आणि लॅटिन अमेरिकी कृष्णवर्णीय खेळाडू एकत्र मैदानात उतरवले. गिब्सनला जाऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती.

जागा की क्रम, ते ठरवा

प्रत्येक जागेवर एक असा संघ निवडणं वेगळं आणि पहिले दहा निवडणं वेगळं. पायरेट्सच्या बाबतीत हे ठळक दिसतं. शॉर्टस्टॉपला वॅग्नर आणि वॉन असे दोन दिग्गज, त्यांतला एक बाहेर बसतो. आउटफील्डला, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागात, तर रांगच: क्लेमेंटे, पॉल वेनर, स्टार्जेल, बॉन्ड्स, काइनर, मॅक्स केरी, डेव्ह पार्कर, अँड्र्यू मॅकचन. उलट कॅचरच्या जागी मॅनी सॅन्गियेन किंवा जेसन केंडल. दोघे चांगले, पण पहिल्या दहांच्या आसपास नाहीत. नवख्याने आधी जागेनुसार संघ करावा. त्यात हात बसतो, आणि कोणती जागा किती अवघड हेही कळतं. मग दहांचा क्रम लावावा.

पॉल वेनरबद्दल दोन शब्द. १९२६ ते १९४० इथे, पायरेट्सच्या शर्टात ०.३४० चा अ‍ॅव्हरेज, तीनदा लीगमध्ये पहिला, १९२७ चा एमव्हीपी. धाकटा भाऊ लॉइड शेजारच्या जागेवर. १९२७ साली थोरल्याचे २३७ हिट, म्हणजे बेस मिळवून देणारे फटके, धाकट्याचे २२३. एवढं करूनही संघाने त्याचा ११ नंबर निवृत्त केला, म्हणजे पुन्हा कुणाला न देण्याचा मान दिला, तो २००७ साली.

पिचर

इथे पायरेट्सची बाजू लंगडी आहे आणि ते कबूल करून पुढे जावं. जुन्या नोंदींत पिचरच्या नावापुढे विजय आणि पराभव लिहिलेले दिसतात. त्यांच्या नादी लागू नका, कारण ते आकडे संघाचे असतात. बॉब फ्रेंड पाहा: इथे १९१ विजय आणि २१८ पराभव. म्हणजे वाईट पिचर? १९५५ साली लीगमध्ये दर नऊ इनिंगमागे सर्वांत कमी धावा देणारा हाच होता, आणि त्याचा संघ मात्र शेवटच्या क्रमांकावर. म्हणून ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, आणि एकूण टाकलेल्या इनिंग, हे दोन पाहा.

माझा पिचर विल्बर कूपर. १९१२ ते १९२४, २०२ विजय, संघाचा विक्रम. हॉल ऑफ फेममध्ये तो नाही, म्हणून लोक विसरतात. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार इथे तिघांनाच मिळाला: १९६० साली व्हर्नन लॉ, १९९० साली डग ड्राबेक, २०२५ साली पॉल स्कीन्स. स्कीन्सचा चेंडू पाहिला की त्याला आजच यादीत घालावंसं वाटतं. पाच हंगामांचा नियम अशाच वेळी पाळायचा असतो. त्याचं नाव पेन्सिलने समासात लिहून ठेवा.

वॅग्नर की क्लेमेंटे?

शेवटी प्रत्येक यादी इथे येऊन ठेपते.

वॅग्नर शेजारच्याच कार्नेगी गावचा, जर्मन स्थलांतरितांचा मुलगा. १९०० ते १९१७ इथे खेळला. आठ वेळा लीगमध्ये अ‍ॅव्हरेजला पहिला. आडवा, वाकड्या पायांचा गडी, पण कारकिर्दीत सातशेच्या वर बेस चोरले, म्हणजे फटका नसताना धावून पुढचा बेस गाठला. १९०९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये समोर डेट्रॉइटचा टाय कॉब होता: कॉब ०.२३१, वॅग्नर ०.३३३. १९३६ साली हॉल ऑफ फेमने पहिले पाच निवडले, त्यांतला तो एक.

क्लेमेंटे पोर्टो रिकोचा. ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला खालच्या संघात ठेवला होता, तिथून १९५४ च्या अखेरीस पायरेट्सनी तो उचलला. वर्तमानपत्रं त्याचं नाव बदलून ‘बॉब’ छापत, त्याच्या इंग्रजी उच्चारांची टर उडवत. तो राइट फील्डला, म्हणजे आउटफील्डच्या उजव्या बाजूला, उभा असे आणि तिथून चेंडू असा फेकी की धावणारे बेसवर खिळून राहत. सलग १२ गोल्ड ग्लव्ह, चार वेळा अ‍ॅव्हरेजला पहिला, १९६० आणि १९७१ या दोन वर्ल्ड सिरीजच्या चौदाही सामन्यांत किमान एक हिट. ३० सप्टेंबर १९७२ रोजी तीन हजारावा हिट. हंगामातला तोच शेवटचा ठरला. डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोहोचत नाही असं कळल्यावर ३१ तारखेला मदतीच्या विमानात तो स्वतः बसला, आणि ते विमान सान हुआनजवळ समुद्रात पडलं. तो ३८ वर्षांचा होता. पीएनसी पार्कची राइट फील्डची भिंत २१ फूट उंच आहे, कारण त्याचा नंबर २१.

माझ्या यादीत पहिला वॅग्नर आहे. कारण प्रश्न मी आधी लिहिला होता: या शर्टात मैदानावर काय केलं. शॉर्टस्टॉप ही राइट फील्डपेक्षा अवघड जागा, आणि आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा वॅग्नर जितका वर होता तितका क्लेमेंटे नव्हता. हे लिहिताना हात जड होतो. प्रश्न तिसरा असता, शहराचं प्रेम कुणावर, तर उत्तर द्यायला एक क्षणही लागला नसता. पण क्लेमेंटेचं मोठेपण पहिल्या क्रमांकावर अवलंबून नाही, आणि त्याच्या मृत्यूमुळे त्याला वर चढवणं हा त्याच्या खेळाचा मान नव्हे.

माझे दहा, आणि तुमची यादी तपासायची जागा

वॅग्नर, क्लेमेंटे, पॉल वेनर, स्टार्जेल, वॉन, बॉन्ड्स, काइनर, मॅझरॉस्की, कूपर. स्टार्जेलला निव्वळ आकड्यांनुसार वॉनच्या खाली ठेवावं लागेल. मी वर ठेवतो: एकवीस हंगाम याच संघात, आणि १९७९ साली वयाच्या ३९ व्या वर्षी हंगामाचा एमव्हीपी (बरोबरीत), लीगच्या अंतिम मालिकेत तोच, वर्ल्ड सिरीजमध्येही तोच. सोबत्यांना टोपीवर लावायला तो कापडी सोनेरी तारे वाटत असे.

दहाव्या जागेवर केरी, ट्रेनर, पार्कर की मॅकचन, यात मी सहा वेळा बदल केला आहे. सध्या मॅकचन. वीस हरलेल्या वर्षांनंतर २०१३ साली संघ पुन्हा जिंकू लागला तेव्हा एमव्हीपी तो होता. पार्करचे चाहते यावर रागावतील: १९७७ आणि १९७८ सलग अ‍ॅव्हरेजला पहिला, १९७८ चा एमव्हीपी. त्यांचं म्हणणं मला पटतंही.

तुमची यादी झाली की १३ ऑक्टोबरला पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात जा. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या आवारात फोर्ब्स फील्डच्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे, आणि होम प्लेट, म्हणजे फलंदाज जिच्यापाशी उभा राहतो ती पाटी, जवळच पॉस्वार हॉलच्या फरशीत काचेखाली आहे. त्या दिवशी दुपारी भिंतीपाशी लोक जमतात, घरून खुर्च्या आणतात आणि १९६० च्या सातव्या सामन्याचं रेडिओवरचं समालोचन पहिल्या चेंडूपासून पुन्हा ऐकतात. बरोबर ३ वाजून ३६ मिनिटांनी मॅझरॉस्कीचा चेंडू भिंतीवरून जातो. थोडं लवकर जा, कागद खिशात ठेवा, आणि इनिंगच्या मधल्या वेळेत शेजारच्या आजोबांना दाखवा. ते पार्करबद्दल विचारतील.